मॅनेजर खेळत नाही

ऑफिसातून घरी यावं, हातपाय धुवावेत, चहाचा कप घेऊन ओट्यावर टेकावं, की नेमकी रस्त्यावरून शिट्टी वाजायची. साधीसुधी नव्हे, चोर पळताना पोलीस फुंकतात तसली. माझा कप हिंदकळायचा, अर्धा चहा बशीत आणि उरलेला धोतरावर. फाटकाशी परब मॅनेजर उभे असायचे.

"चिटणीस, काय चाललंय?"

"काही नाही हो. नुसता बसलोय."

"तेच म्हणतो मी. नुसतं बसू नका!"

नुसतं बसणं हा परबांच्या लेखी गुन्हा होता. झोपलेल्या माणसाबद्दल त्यांची काही तक्रार नसे. भांडणाऱ्यांबद्दल तर त्यांना आदरच होता. निदान दोघं मिळून काहीतरी करतायत, असं ते म्हणत. पण ओट्यावर, कट्ट्यावर किंवा खिडकीत एकटा माणूस रिकामा दिसला, की त्यांचा हात शिट्टीकडे गेलाच म्हणून समजा. मुलुंड पूर्वेची अर्धी वस्ती त्यांच्या भीतीने हातात वर्तमानपत्र धरून बसायची.

खरं सांगायचं तर परब येईपर्यंत संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडलेलाच नव्हता. चार चाळी, थोडे बंगले, आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं. मिठागरांवरून वारा यायचा आणि डास यायचे, आणि आम्ही ओट्यावर बसून दोघांनाही अंगावर घ्यायचो. लढाईच्या वेळची एक पत्र्याची बराक ओस पडली होती. आमच्या रावसाहेबांनी खटपट करून ती मिळवली आणि विरंगुळा मंडळ स्थापन केलं. रावसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, म्हणून ते अध्यक्ष. निवडणुकीच्या सभेला मी गेलो नव्हतो, म्हणून मी चिटणीस. मंडळाकडे एक कॅरमबोर्ड, बॅडमिंटनची एक जाळी आणि पत्त्यांचे दोन जोड होते, आणि बराकीची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात पोळपाटामागे लटकत असे. तिथून ती कधी हलली नाही. शेवटी कुणीतरी सुचवलं की पगारी मॅनेजर ठेवा. आम्ही जाहिरात दिली आणि एकच अर्ज आला.

मुलाखतीला परब आले ते पांढरी पँट, काळा कोट आणि खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट अशा थाटात. अंगाने किरकोळ, वय पस्तिशीच्या पुढे, मिशी मात्र एखाद्या जाडजूड माणसाची. रावसाहेबांनी विचारलं, "सध्या काय करता?"

"फोर्टात बोटीच्या कंपनीत कारकून आहे."

"कायम?"

"कायम."

"पेन्शन?"

"आहे."

रावसाहेबांनी चष्मा काढला. "मग इथं कशाला मरायला येताय?"

परब म्हणाले, "साहेब, कारकून मी पोटासाठी आहे. मॅनेजर मी जन्माचा आहे." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी पाटी काढली. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मॅनेजर'. "ही कुठं लावायची?"

अजून आम्ही त्यांची निवडसुद्धा केली नव्हती. पण पाटी इतकी सुबक होती की नाही म्हणणं जिवावर आलं.

ती पाटी त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी करून ठेवली होती, हे मला पुढे कळलं. त्यांच्या कंपनीत साहेबलोकांसाठी एक खेळघर होतं. आत हिरव्या मखमलीचं बिलियर्डचं टेबल, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक गोवेकर मॅनेजर. कारकुनांना आत मज्जाव. परब फायली घेऊन रोज त्या दारावरून जायचे. "आत सगळे हसत असायचे, चिटणीस," ते मला सांगायचे. "वरच्या मजल्यावर एकमेकांचे गळे धरणारे साहेब तिथे हसत असायचे. आणि हे सगळं कोण करत होता? मॅनेजर! विलायतेत ह्याचं रीतसर शिक्षण असतं, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. विलायतेत लोक कशाचं शिक्षण घेतील ह्याचा नेम नाही, एवढंच मी म्हणालो.

आम्ही त्यांना वर्षभराच्या बोलीवर घेतलं. वर्ष संपलं की समिती बघेल आणि काम पसंत पडलं तर कायम करेल. शहाणा माणूस अशा वेळी कंपनीतून रजा काढतो. ह्यांनी राजीनामा दिला. लोक म्हणाले, "ह्याची वाट लागली." मीही म्हणालो, पण परबांच्या पाठीमागे.

तोंडावर म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई. मायलेक स्टेशनाजवळच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचे. मी कधी गेलो की आये दारातच गाऱ्हाणं सुरू करायची, "बघलास? मेल्यान पेन्शनीची नोकरी सोडल्यान आणि लोकांका खेळवूक लागलो! ह्येका आता चेडू कोण देतलो?"

मुलीचा प्रश्न तिने काढला तो बरोबरच होता. एकदा गिरगावातून एक वधुपिता चौकशीला माझ्याकडे आले होते.

"मुलगा काय करतो?"

"मॅनेजर आहे," मी ऐटीत सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. "कशाचा?"

"खेळांचा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच त्यांनी विचारलं, "सर्कशीत का?"

त्यानंतर त्यांनी चहासुद्धा पुरा प्यायला नाही. मी ही हकिगत परबांना सांगितली, तर त्यांना लग्न मोडल्याचं काहीच वाटलं नाही. "तो गृहस्थ गिरगावातून इथवर आला होता आणि तुम्ही त्याला एक डाव न खेळवता परत पाठवलंत?" एवढंच ते म्हणाले.

मंडळ मात्र चाललं. चाललं म्हणजे काय, परबांनी ते चालवलं. ओट्याओट्यावरून माणसं उचलून आणली. बराकीत त्यांनी पाट्या लावल्या. 'बघ्यांनी दोन डावांच्या वर बघू नये.' 'हरलेल्याने कारणे सांगू नयेत.' 'जिंकलेल्याने घरी जाऊन सांगावे, येथे नको.' कॅरमबोर्डावर बोरिक पावडर तेच टाकायचे, चिमटीने, देवाला अक्षता वाहाव्यात तशी. कुणी पत्ते पिसताना गप्पा मारायला लागलं की टेबलावर टकटक करून म्हणायचे, "विरंगुळा शिस्तीत घ्या!"

मंगळवारी दुपारी त्यांनी बायकांची वेळ ठेवली. रावसाहेबांना हे धाडस वाटलं. पण परब स्वतः बाहेर बदामाच्या झाडाखाली, बराकीकडे पाठ करून, पहारेकऱ्यासारखे उभे राहायचे. आत सागरगोटे, पत्ते आणि कॅरम. आमची ही आधी जायला तयार नव्हती. मग गेली, आणि मग मंगळवारी मला थालीपीठ गार मिळायला लागलं. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगलं कॅरम खेळू लागली. ते एक वेळ मी सोसलं असतं, पण ती घरातही मला "नुसतं बसू नका" म्हणायला लागली.

एवढं सगळं करणारे परब स्वतः मात्र कधीही खेळले नाहीत. चौथा भिडू कमी पडायचा, लोक म्हणायचे, "बसा हो परब." ते ताठ व्हायचे. "मॅनेजर खेळत नाही." मी एकदा फारच आग्रह केला तर म्हणाले, "गार्ड गाडीबरोबर जातो, चिटणीस. म्हणून त्याला कुठं जायचं असतं का?" मला हे बोलणं फार भारदस्त वाटलं. मी ते ऑफिसात दोनदा वापरलं.

एकदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. माझा मेव्हणा साताऱ्याहून आला होता. अंगाने गोल, जन्मात बॅडमिंटनची रॅकेट धरलेली नाही. आम्ही त्याला हौसेने अंगणात उभा केला. पहिलंच फूल त्याच्या डोक्यावर आदळलं. आमच्यातले टिपणीस वकील हसत म्हणाले, "असू द्या पाव्हणे, तुमचा पॉइंट धरत नाही. तुम्ही लिंबूटिंबू!" लहानपणी खेळात एखादं पोर बारकं असलं की त्याला लिंबूटिंबू करतात. ते आपलं खेळतंय असं त्याला वाटावं, पण त्याचं आऊट होणं कुणी धरायचं नाही. मेव्हणा स्वतःच हसत होता. तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. परब धावत जाळीखाली आले. एरवी ते आमच्याशी छापील मराठी बोलायचे. त्या दिवशी त्यांचं मालवण बाहेर आलं. "हय लिंबूटिंबू कोण नाय! सगळे पक्के! पॉइंट धरा!" एका फुलावरून एवढं कशाला, हे आम्हाला कुणालाच समजलं नाही. मेव्हण्याचा पॉइंट धरला. तो सगळेच हरला आणि खूश होऊन साताऱ्याला गेला.

आता आपटे मास्तरांबद्दल सांगायला हवं. आपटे मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. रावसाहेबांचे शेजारी. दोघांच्या कुंपणावर एक शेवग्याचं झाड होतं. मूळ आपट्यांकडे आणि शेंगा रावसाहेबांकडे. त्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं ते इतक्या वर्षांपासून की दोघांनीही आता शेवगा खाणं सोडलं होतं. शेंगा पोपट खायचे. मग मास्तरांची पत्नी गेली. मास्तरांनी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि आत बसून राहिले. दूधवाल्याखेरीज त्यांना कुणी पाहत नसे. आम्ही सगळे एकदा भेटून आलो, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून गप्प बसलो.

परब गप्प बसले नाहीत. ते रोज त्या बंद खिडकीखाली जाऊन शिट्टी वाजवायचे. आतून मास्तर ओरडायचे, "शांतता!" परब म्हणायचे, "नुसतं बसू नका!" हा संवाद पावसाळाभर चालला.

हिवाळ्यात परबांनी कॅरमच्या जोड्यांच्या सामन्याची घोषणा केली. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार होत्या. लोणच्याच्या एका बरणीत चिठ्ठ्या भरल्या. परब एकेक जोडीच्या दोन चिठ्ठ्या उचलायचे, उघडायचे आणि शिट्टी फुंकून नावं वाचायचे. टिपणीस वकिलांची जोडी निघाली त्यांच्याच सासऱ्यांबरोबर. लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बिनसलेलं होतं. लोक हसले. मग परबांनी वाचलं, "रावसाहेब. आणि आपटे मास्तर."

रावसाहेब लालबुंद झाले, पण अध्यक्षांनीच चिठ्ठी मोडायची कशी? आणि मास्तर येणारच नाहीत अशी सर्वांची खात्री होती. त्यांना निरोप गेला. थोड्या वेळाने मास्तर खरोखरच आले. दाढी वाढलेली, उपरणं उलटं, आणि कपाळावर आठ्या. ते तावातावाने परबांकडे गेले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर परबांनी त्यांच्या हातात स्ट्रायकर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा पहिला हात."

कॅरमच्या जोडीत भिडू एकमेकांसमोर बसतात, आणि खेळताना भिडूने भिडूशी बोलायचं नाही असा नियम असतो. बाकीच्या जोड्यांचे तिथेच वांधे होत. कुणी खाकरून सुचवायचं, कुणी डोळे मिचकावायचे, मग दंड आणि भांडण. टिपणीस आणि सासरे तर पहिल्याच फेरीत एकमेकांना काय काय म्हणाले आणि हरले. रावसाहेब आणि मास्तर ह्यांना मात्र न बोलण्याचा वर्षानुवर्षांचा सराव. एक मारायचा, दुसरा मारायचा, कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. ते जिंकत सुटले. शेवटच्या सामन्यात मास्तरांनी राणी घेतली आणि तिच्या पाठोपाठ लागणारी सोंगटी पार समोरच्या कोपऱ्यात, रावसाहेबांच्या कोपराला चिकटलेली. मास्तरांनी मारलं. सोंगटी गेली. आणि रावसाहेब नियमबियम विसरून ओरडले, "वा रे आपट्या!"

मास्तरांनी वर पाहिलं. "रावसाहेब, कोपर काढा," ते म्हणाले.

त्या रात्री रावसाहेबांकडे आणि आपट्यांकडे शेवग्याची आमटी झाली. मुलुंडात ही बातमी स्वातंत्र्य मिळाल्यासारखी पसरली.

मग वर्ष भरलं. परबांना कायम करण्यासाठी सभा बोलावली. आम्हाला वाटलं, पाच मिनिटांचं काम. मीच आभाराचा ठराव मांडणार होतो. तेवढ्यात टिपणीस उभे राहिले. हरल्यापासून त्यांना कुठंतरी टोचत होतं. "अध्यक्ष महाराज, चिठ्ठ्यांमध्ये काळंबेरं होतं असा माझा आरोप आहे. जावई-सासरे, भांडलेले शेजारी, अबोला धरलेले भाऊ, नेमके हेच कसे जोडीला आले?"

"पुरावा?" रावसाहेब गरजले.

पुरावा नव्हता. टिपणीस बसणारच होते, इतक्यात आपटे मास्तर उठले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तर परबांची बाजू घेणार, हे उघड होतं. मास्तर गहिवरून म्हणाले, "ह्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी अंधारात बसलो होतो. ह्यांनी मला बाहेर काढलं. मी तर सामन्याला नावसुद्धा दिलं नव्हतं, तरी ह्यांनी..."

मास्तरांच्या आयुष्यात खोटं असं नव्हतंच, पण वेळेवर गप्प बसणंही नव्हतं. टिपणीस ताडकन उभे. "नाव दिलं नव्हतं? मग चिठ्ठी निघाली कशी?"

सगळे परबांकडे वळले. मास्तरांच्या लक्षात आलं, आणि ते "म्हणजे तसं नव्हे" असं पुटपुटत खाली बसले.

परब ताठ उभे राहिले. "चिठ्ठ्या कोऱ्याच होत्या," ते म्हणाले. "सगळ्या. नावं माझ्या डोक्यात होती. कोण कुणाशी बोलत नाही, हे मी ओट्याओट्यावरून फिरून पाठ केलं होतं. नुसतं कॅरम खेळवायला मॅनेजर कशाला हवा, साहेब?"

आता आली का पंचाईत! रावसाहेब स्वतः त्या लबाडीचे सर्वांत मोठे लाभार्थी. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग ते म्हणाले, "नियम मोडला आहे. शिक्षा झालीच पाहिजे. उद्या संध्याकाळी मॅनेजरांनी सगळ्यांसमोर बसून कॅरमचा एक डाव खेळायचा. खेळले, की कायम. नाही खेळले, तर मंडळ तो त्यांचा राजीनामा समजेल."

बराकीत हशा उसळला. टिपणीससुद्धा हसले. इतकी गोड शिक्षा! हसले नाहीत ते परब. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली, भिंतीवरची पाटी उतरवली, काखेत मारली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटलो तो थेट त्यांच्या चाळीत गेलो. मी मनातून चिडलो होतो. माणसाने पेन्शन सोडावी, लग्न सोडावं, आणि एका डावासाठी नोकरीच सोडावी? परब चाळीच्या पायरीवर बसले होते. हातात काही नाही, समोर काही नाही. नुसते बसले होते.

"असं काय करता परब? एक डाव तर खेळायचा आहे. वर्षभर बघताय तुम्ही."

"माका खेळूक येणा नाय," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही. मॅनेजरांना? खेळता येत नाही?

"काहीच येत नाही, चिटणीस. कॅरम नाही, पत्ते नाही, काही नाही." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "गावात आये एका मोठ्या घरी भात कांडायला जायची. मी अंगणात. त्या घरातली पोरं खेळायची. आये म्हणायची, ह्यालाही घ्या रे. मग घ्यायचे मला. लिंबूटिंबू म्हणून. पकडलं तरी पकडलं नाही, आऊट झालो तरी आऊट नाही. मी जीव तोडून पळायचो हो, आणि मागं वळून बघावं तर पाठीमागे कुणी धावतच नसे." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मिशा फुटायला लागल्या तरी मी लिंबूटिंबूच. मग मी खेळणंच सोडलं. आता ह्या वयात सगळ्यांसमोर पुन्हा तेच व्हायचं असेल, तर नोकरी गेलेली बरी."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. मला फार वाईट वाटलं. आम्ही दोघंही तसेच नुसते बसून राहिलो, आणि हे चुकतंय, हे मला कळत होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. छातीत धस्स करणारी, पण जरा बेसूर. फुंकणाऱ्याचा दम कमी पडत होता. चाळीसमोर आपटे मास्तर उभे होते, पाठीमागे रावसाहेब. मास्तरांचे गाल फुगून लाल झाले होते.

"परब," मास्तर ओरडले, "नुसतं बसू नका!"

परबांनी मान खाली घातली. मास्तरांनी पुन्हा फुंकली. चाळीतली माणसं गॅलरीत आली. आये बाहेर येऊन ओरडली, "गे बाय, आता ह्येका कोण पकडूक इलो?" मास्तर काही थांबेनात. पावसाळाभर ऐकलेल्या शिट्ट्यांची ते व्याजासकट परतफेड करत होते. शेवटी परब उठले, आत जाऊन कोट घालून आले. बूट पांढरे करायला मात्र त्यांनी वेळ घेतला.

बराकीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकासुद्धा वार सोडून आल्या होत्या. एका जोडीत परब आणि आपटे मास्तर, दुसरीत रावसाहेब आणि टिपणीस वकील. डाव सुरू झाला. मास्तरांनी दोन-तीन सोंगट्या घेतल्या. परबांची पाळी आली. त्यांनी स्ट्रायकर ठेवला, बोट वाकडं धरलं आणि मारलं. स्ट्रायकर अर्ध्या वाटेवरच थांबला. कुणी हसलं नाही, आणि ते न हसणंच मला ऐकवेना. पुढच्या पाळीला त्यांनी जोर लावला. स्ट्रायकर एकाही सोंगटीला न लागता सरळ कोपऱ्यातल्या भोकात गेला.

"असू दे, असू दे," रावसाहेब मायेने म्हणाले. "पहिल्यांदाच आहे. धरू नका. परब, परत मारा."

"हो, हो, परत मारू द्या," सगळे म्हणाले. आमची हीसुद्धा म्हणाली.

मी परबांकडे पाहिलं. त्यांनी स्ट्रायकर परत घेतला नाही. त्यांचे हात मांडीवर गेले आणि मान खाली गेली. आता हे उठून जाणार, आणि पुन्हा येणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसलं. ओरडून काहीतरी सांगावं असं वाटलं, पण सांगणार काय?

"परत कशाला?" टिपणीस वकील म्हणाले. "स्ट्रायकर आत गेला. दंड! काढा एक सोंगटी!"

बराकीत संतापाची कुजबूज उठली. टिपणिसांना परबांचं काहीएक माहीत नव्हतं. ते दंड सोडणाऱ्यातले नव्हते, एवढंच. "नियम म्हणजे नियम," ते बोटाने बोर्ड ठोकत म्हणाले. "आपटे, तुमची एक सोंगटी परत बोर्डावर ठेवा."

परबांनी मान वर केली. ते टिपणिसांकडे बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांच्या पुढची एक सोंगटी उचलली आणि दोन्ही हातांनी, अगदी जपून, बोर्डाच्या मधोमध ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दंड."

तो डाव ते दारुण हरले. त्या डावात त्यांना आणखीही दंड झाले, आणि दर वेळी त्यांची मिशी थोडी थोडी वर चढत गेली. शेवटी रावसाहेबांनी 'कायम' म्हणून जाहीर केलं तेव्हा त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते टिपणिसांना, माझा कोन कुठे चुकला, हे विचारत होते. 'हरलेल्याने कारणे सांगू नयेत' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, पण ती दाखवायची आमची छाती झाली नाही.

'मॅनेजर'ची पाटी परत आणायला मी त्यांच्याबरोबर चाळीपर्यंत गेलो. आये पायरीवर वाट बघत होती. परब लांबूनच ओरडले,

"आये, माका दंड झालो!"

आये बिचारी घाबरून उठली. मग तिने मुलाचं तोंड पाहिलं.

"मेल्या," ती म्हणाली, "मगे हसतंस कित्याक?"